घारीचं इंग्रजी नाव

बदनापूरच्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती पॅसेंजरच्या भोंग्यानं आणि मायच्या शिव्यांनी. भोंगा दादासाठी असायचा, शिव्या घारीसाठी. दादा जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत कामाला होता आणि गाडी स्टेशनात शिरल्याचं कानावर आल्याशिवाय त्याला त्याचा डबा, त्याचा रुमाल, त्याचा पास यातलं काहीच सापडत नसे. त्याची धावपळ चालू असताना माय अंगणात उभी राहून वर बघत असायची. तिच्या कोंबड्यांना नुकती पिल्लं फुटलेली असली, की स्टेशनापलीकडच्या चिंचेवरचं घारीचं जोडपं आमच्या पत्र्यावर घिरट्या घालायला लागायचं. "मुडद्यांनो, तुमच्या पंखाला आग लागो," अशी सुरुवात करून माय त्यांच्या सात पिढ्यांपर्यंत पोचायची. मला हातात काठी देऊन पिल्लांच्या राखणीला बसवलेलं असायचं. मी नववीत होते. मांडीवर इतिहासाचं पुस्तक, हातात काठी आणि नजर आभाळात, अशी माझी सकाळ जायची. आणि खरं सांगायचं तर पिल्लांपेक्षा मी घारच जास्त बघत असायची. पंख न हलवता ती वाऱ्यावर कशी काय टेकते, शेपटीची दुबेळकी बेचकी नुसती इकडची तिकडं करून कशी वळते, याचं मला भारी नवल वाटायचं. तिची ती लांब, थरथरत खाली येणारी शीळ अजूनही ऐकली की माझ्या नाकाला चुलीवर फुगणाऱ्या भाकरीचा वास येतो.

घर दोन खोल्यांचं. पुढं पत्र्याची पडवी, तिच्यात बाबांची खुर्ची आणि भिंतीवर दोन तसबिरी. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा, कारण त्यांचं खरं नाव घ्यायला शिकल्यासवरल्या माणसाला अवघड वाटायचं. त्यांचं नाव कचरू. आजीची पोरं जगत नव्हती, तेव्हा याला तरी कुणाची नजर लागू नये म्हणून तिनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टेकवलं, उचललं आणि हे नाव ठेवलं. धर्म बदलला तेव्हा बाबांच्या बरोबरीच्या कितीतरी जणांनी नावं बदलून घेतली. बाबांनी आमची सगळ्यांची नावं पारखून ठेवली, दादाचं मिलिंद, माझं सुजाता, पण स्वतःचं नाही बदललं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मायनं जीव वाचवायला ठेवलेलं नाव हाय. ते कसं टाकून देऊ?"

त्या वर्षी दादाचं लग्न होऊन वहिनी आमच्याकडं आलेली होती. ती भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची. शाळा तिची चौथीनंतर सुटलेली, पण गळा असा, की दळता-कांडताना ती गुणगुणायला लागली म्हणजे माय आपलं बोलणं थांबवायची. तिच्या हातच्या येसराच्या आमटीनं बाबांनी पहिल्याच आठवड्यात भाकरी वाढवली. वयानं मी लहान, तरी नणंद म्हणून ती मला 'सुजाताई, तुम्ही' म्हणायची आणि मला ते फार आवडायचं.

गावाला लागून शेतीसंशोधनाचं केंद्र आहे. तिथं तेव्हा जोशी साहेब म्हणून एक किड्यांचे शास्त्रज्ञ होते. तुरीवरच्या अळ्या कोणते पक्षी खातात हे ते दुर्बीण लावून बघत बसायचे. त्यांची धाकटी मुलगी बाबांच्या वर्गात होती, म्हणून बाबांशी त्यांची ओळख. एकदा बाबांबरोबर मी त्यांच्या क्वार्टरवर गेले आणि घार उडताना शेपटी कशी वापरते ते हाताचे पंजे फिरवून त्यांना सांगत सुटले. ते गालातल्या गालात हसत ऐकत राहिले. निघताना त्यांनी कपाटातून पक्ष्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "वाच सावकाश. घाई नाही परत द्यायची."

इतकी रंगीत चित्रं मी जन्मात पाहिली नव्हती. माझं इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरतं. मजकूर कळायचा नाही, पण नावं मी अक्षर अक्षर जुळवून वाचायची आणि आमच्याकडच्या नावांशी ताडून बघायची. हळद्या सापडला, वेडा राघू सापडला, भारद्वाज सापडला. आणि एका पानावर माझी घार सापडली. तपकिरी, दुबेळक्या शेपटीची, आमच्याच पत्र्यावरून उचलून चिकटवल्यासारखी. खाली नाव होतं कॉमन परिया काइट. कॉमन म्हणजे साधी, काइट म्हणजे घार, हे मला ठाऊक होतं. परिया म्हणजे काय? मला वाटलं, परीशी काहीतरी नातं असणार. ज्या पाखराला माय रोज मुडदा म्हणते, त्याला साहेबलोक परी म्हणतात! दिवसभर मी तो शब्द तोंडात खडीसाखरेसारखा घोळवत होते.

पुढं वहिनी बाळंतपणाला धावड्याला गेली आणि मुलगी घेऊन परत आली. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे मीच. मायनं, दादानं, शेजारच्या बायांनी नावं सुचवली. मी म्हणाले, परिया. "नवीनच हाय की," वहिनी म्हणाली आणि तिनं ते दोन-तीनदा उच्चारून पाहिलं, तिच्या त्या गळ्यात. बाबांनी विचारलं, "अर्थ काय, सुजा?" मी म्हणाले, "पाखराचं नाव हाय बाबा, इंग्रजी. लई उंच उडतं." बाबांना इंग्रजी कामापुरतंच यायचं, आणि मुलीनं पुस्तकातून शोधून आणलेलं नाव म्हणून त्यांची छाती अशी फुगलेली होती, की ते पुढं काही बोललेच नाहीत. भिंतीवरच्या तसबिरींपुढं वंदना झाली, पाळणा हलला, घुगऱ्या वाटल्या. मी बाळाच्या कानात 'परिया' म्हणाले आणि बायांनी रिवाजाप्रमाणं माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. त्या नावावर वहिनीनं पाळणा रचला. लाल दोऱ्यानं टोपड्यावर नाव भरून घेतलं; अक्षरं मी खडूनं काढून दिली होती. बघता बघता पोरगी हाकेला मान वळवून हसायला लागली. माय तिला 'पऱ्या' म्हणायची, दादा गाडीतून उतरून फाटकापासूनच ओरडत यायचा.

पावसाळा सरत आला असेल. साहेबांची बदली होणार असं बाबांच्या कानावर आलं, म्हणून मी पुस्तक परत द्यायला निघाले आणि मिरवायला म्हणून बाळाला कडेवर घेतलं. साहेब व्हरांड्यात खोकी बांधत होते. त्यांच्या बाईंनी बाळाच्या हातावर साखर ठेवली.

"काय नाव ठेवलं गं हिचं?" साहेबांनी विचारलं.

"परिया."

"प्रिया?"

"प्रिया न्हाई, परिया. तुमच्या पुस्तकातलंच हाय की. परिया काइट. मी ठेवलं."

साहेबांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. ते बाळाकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. बाई आत निघून गेल्या. मला वाटलं, न विचारता पुस्तकातलं नाव घेतलं म्हणून रागावले की काय. पण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी घरी आहेत का गं? चल, मी येतो तुझ्याबरोबर." पुस्तक त्यांनी काखेत घेतलं. वाटेत एकदा थांबून म्हणाले, "दमली असशील, बाळाला इकडे दे," आणि स्टेशनच्या रस्त्यानं सगळ्यांच्या देखत माझ्या भाचीला खांद्याशी धरून चालत राहिले.

आज इतक्या वर्षांनी मी त्या चालण्याचा विचार करते. त्यांना गप्प बसता आलं असतं. बदली झालेलीच होती, आठवड्याभरात ते विदर्भात कुठंतरी गेले असते आणि आम्हाला कधी कळलं असतं, कुणाकडून कळलं असतं, देव जाणे. मी पुढं जालन्याच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात हयात घालवली, आणि वाईट बातमी दुसऱ्याच्या दारात स्वतः घेऊन जाणारी माणसं किती थोडी असतात ते मला कळत गेलं.

दादा नुकताच गाडीनं आलेला होता. साहेब आजवर आमच्या फाटकापर्यंतच आलेले. त्या दिवशी ते पडवीत येऊन सतरंजीवर बसले. मायनं चहा ठेवला. बाबा म्हणाले, "साहेब, निरोप घ्यायला आलात व्हय?" साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "गुरुजी, चूक माझी आहे. पुस्तक देताना मी हिला सांगायला हवं होतं. त्या शब्दाचा उच्चार परिया नाही. पराया."

आत वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला ते मला ऐकू आलं. हा शब्द आमच्याकडं कुणाला सांगावा लागत नाही.

"पराया म्हंजी परका," ती आतूनच म्हणाली.

"तो शब्द नाही हा," साहेब म्हणाले. "कानाला तसाच लागतो, पण हा वेगळा आहे. तिकडं दक्षिणेत एक समाज आहे. गावाबाहेर ठेवलेला. ढोल वाजवणं, मेलेलं जनावर ओढणं, अशी कामं त्यांच्यावर लादलेली. त्या समाजाचं नाव इंग्रजांनी उचललं, आणि ज्याला कुणी जवळ करत नाही अशा कुठल्याही माणसाला, कुत्र्याला, पाखराला लावायला लागले. घार उकिरड्यावर उतरते, घाण खाते, म्हणून..."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ तसंच. बाळ साहेबांच्या मांडीवरून माझ्याकडं झेपावत होतं आणि त्याला घ्यायला माझे हात पुढं होत नव्हते.

दादा उठला. "सुजा, त्या पुस्तकात ब्राह्मणी घार बी हाय म्हनं. तूच मागं सांगत होती."

मी मान हलवली.

"कशी दिसती ती?"

मला सांगायचं नव्हतं. पण दादा थांबून राहिला. मी म्हणाले, "विटकरी रंगाची. डोकं अन् छाती पांढरीधोट."

"म्हंजी देखणी. देखणी ती ब्राह्मणी, अन् उकिरड्यावरची ती आपली." दादाचा आवाज चढला. "साहेब, पाखरालाबी सोडलं न्हाई व्हय तुमी लोकांनी?"

"मिलिंद," बाबा म्हणाले.

"बोलू द्या त्याला, गुरुजी," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण ते जागचे हलले नाहीत. मायनं पुढं केलेला चहा त्यांनी घेतला. मग जरा वेळानं, काहीतरी द्यायचंच म्हणून दिल्यासारखं, त्यांनी सांगितलं, की हे नाव आता जाणार आहे. युरोपात अशीच एक घार असते, तिला तिकडं काळी घार म्हणतात. आपली घार आणि ती एकच की वेगळ्या, यावर शास्त्रज्ञांचा बराच काळ वाद चाललाय. "पण आता बहुतेकांचं मत पडतंय, की ही वेगळी जात नाहीच. एकच जात. मग दोघींना नावही एकच. ब्लॅक काइट. नव्या पुस्तकांत तसंच येईल."

"येगळी जात न्हाई?" बाबांनी विचारलं.

"नाही. फार तर उपजात म्हणता येईल. लॅटिन नावात शेवटी तेवढं एक जोडतात, गोविंदा म्हणून."

बाबा त्यांच्याकडं बघतच राहिले. "इंग्रजीत अस्पृश्य, अन् लॅटिनमधी गोविंदा," ते म्हणाले, "अन् इतकं सगळं करून शेवटी उपजात हाईच!" आणि ते हसायला लागले. बाबा मोठ्यानं हसणारे नव्हते. पण त्या संध्याकाळी ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि आधी माय, मग साहेब, शेवटी नाइलाजानं दादासुद्धा हसला. मी हसले नाही. वहिनीही नाही.

हसणं ओसरल्यावर मी बाबांना म्हणाले, "मंग राहू द्या की नाव. तुमचं बी कचरूच हाय. तुमी कुठं बदललं?" मला रडू फुटलं होतं. नाव माझं होतं, मी शोधलेलं होतं, आणि पोरगी त्याला हसत होती.

बाबांनी मला जवळ बसवलं. "सुजा, माझ्या मायनं मला कचरा म्हनलं ते मी जगावं म्हणून. हे नाव ज्यानं ठिवलं त्याला आपण जगलो काय अन् मेलो काय, सारखंच. दोन्हीत फरक हाय, बाई." मग ते वहिनीकडं वळले. "पण लेक तुझी हाय, पोरी. तू सांग."

वहिनीला असं काही विचारायची घरात पद्धत नव्हती. तिनं आधी पदराला हात पुसले. मग खाली बसून बाळाला घेतलं. "त्या लोकायला बी लेकरं असतीलच की," ती साहेबांकडं न बघता म्हणाली. "त्यायच्या मायाबी त्यायला हाका मारत असतील. त्या लोकायचं मला काही वाईट वाटून न्हाई राह्यलं. ते आपलेच हायेत." तिनं बाळाला मांडीवर नीट बसवलं. "पण ही साळंत जाईल. कुणीतरी शिकलेलं हसंल हिला. तवा मला उत्तर देता यायचं न्हाई. मला इंग्रजी येत न्हाई." एवढं बोलून तिनं बाळाच्या डोक्यावरचं टोपडं काढलं, घडी घातली आणि कमरेला खोचलं. "दुसरं नाव ठिवायचं. अन् सुजाताईच ठिवतील."

मी नको म्हणाले. मला भीती वाटत होती. यापुढं कुणालाही कुठलंही नाव द्यायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

"आत्या तुम्हीच हायेत," वहिनी म्हणाली. "दुसरी कुठून आणू? पण ह्या टायमाला अर्थ इचारून."

साहेब निघाले तेव्हा त्यांनी पुस्तक सतरंजीवरच ठेवलं. दादानं ते उचलून त्यांच्या मागं फाटकापर्यंत नेलं. मला वाटलं, परत करायला. पण दोघं फाटकाशी बराच वेळ बोलत उभे राहिले आणि दादा पुस्तक घेऊनच आत आला. काय बोलणं झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही. पुढं साहेबांची दिवाळीला पत्रं यायची, ती दादाच्या नावानं.

मी नाव शोधलं ते बाबांच्या शेजारी बसून. प्रत्येक नावाचा अर्थ मी विचारायची, तो पटला की त्याचा दुसरा काही अर्थ कुणाला माहीत आहे का तेही विचारायची. शेवटी सुमेधा ठरलं. चांगल्या बुद्धीची. वहिनीनं पुन्हा पाळणा बांधायचा हट्ट धरला. नाव चोरून बदलायचं नाही, म्हणाली. पाहुणे नव्हते, हार नव्हते, घुगऱ्या मात्र तिनं शिजवल्या आणि शेजारच्या बायांना बोलावलं. त्यातली एक म्हणाली, "एका लेकराचं बारसं दोनदा?" वहिनी म्हणाली, "व्हय, दोनदा." मी वाकून कानात नवीन नाव सांगितलं तेव्हा पोरीनं भोकाड पसरलं.

साहेब म्हणाले होते तसंच झालं. नव्या पुस्तकांतून ते जुनं नाव गेलं. आता माझ्या मोबाइलमधल्या पक्ष्यांच्या यादीतही आपली घार काळीच आहे. कुणाला ते नाव टोचलं म्हणून गेलं नाही, जात एकच ठरली म्हणून गेलं. ब्राह्मणी घार मात्र अजून ब्राह्मणीच आहे. या याद्या दरवर्षी बदलतात. आमच्या हळद्याला आता पुढं 'इंडियन' लागलं, जांभळ्या पाणकोंबडीचं इंग्रजी नाव माझ्या डोळ्यांदेखत दोनदा बदललं, आणि साहेबलोकांची नावं पाखरांना लावलेली आहेत ती काढून टाकावीत की नाही यावर परदेशात मोठी भांडणं चालली आहेत म्हणे. माझ्याबरोबर पक्षी बघायला येणारी मंडळी वैतागतात. पाठ केलेलं सगळं वाया जातं, म्हणतात. मला वैताग येत नाही. नाव बदलायला काय किंमत पडते आणि ते अंगवळणी पडायला किती वेळ जातो, हे मी आमच्या पडवीत बघितलेलं आहे.

कारण नाव बदललं म्हणून पोरगी काही लगेच बदलली नाही. सुमेधा म्हणून कितीही हाका मारा, ती आपली मातीत बोटं घालून बसायची. मायच्या तोंडून मधूनच 'पऱ्या' निघायचं आणि पोरगी झटकन मान वळवून हसायची. मग माय जीभ चावायची आणि वहिनी काहीतरी काम काढून आत जायची. तिच्या पाळण्याच्या गाण्यात नव्या नावाची मात्रा बसत नव्हती. म्हणता म्हणता ती अडखळायची, पहिल्यापासून सुरू करायची. कित्येक दिवस मी झोपताना भिंतीपलीकडून ते ऐकलं. ती एकदाही माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

मग थंडी पडायला लागल्यावरची एक संध्याकाळ. वहिनी पडवीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, बाळ तिच्यासमोर, फाटकाकडं पाठ करून, सालांशी खेळत होतं. दादा गाडीनं आला आणि फाटकातूनच, रोजच्यासारखा, दमलेल्या आवाजात ओरडला, "सुमे!"

पोरीनं मान वळवली.

दादा फाटकातच थबकला. वहिनीच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"पुन्हा एकदा हाक मारा," ती म्हणाली.

दादानं हाक मारली.